एकाच बाजूला

घड्याळकाकांच्या घरातली शेवटची कोंबडी गेली ती मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मागच्या अंगणात कालवा झाला तेव्हा काकांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग ते धावले. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचं हे असंच. घराला आग लागली तरी तो आधी किती वाजले ते बघेल.

भिंतीवरून उडी मारून आलेलं कुत्रं काकांना बघून पळालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ठिपकी पाण्याच्या पिंपाजवळ आडवी पडली होती. काकांनी तिला उचललं. अंग अजून गरम होतं, आणि वजनाला ती त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच हलकी निघाली. दोन वर्षं ते तिला रोज दाणे टाकत होते, पण हातात घ्यायची वेळ ही पहिलीच.

कोंबड्या मुळात काकांच्या नव्हत्याच. त्या काकूंच्या. लग्नानंतर या घरात राहायला आल्या त्या वर्षी काकूंनी बुटांच्या खोक्यातून तीन पिल्लं आणली होती. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी बाहेरून एक कोंबडी विकत आणली नाही. आईखाली लेक, लेकीखाली नात, असं चालू राहिलं. कोंबडा तेवढा शेजारच्या इस्त्रीवाल्याचा. तो भिंतीवरून ये-जा करायचा आणि काकू म्हणायच्या, "जावई बाहेरचा चालेल, लेकी आपल्या घरच्याच हव्यात."

काकांचा या संसाराशी काही संबंध नव्हता. पुढच्या खोलीत दुकान, मागे अंगण, मध्ये दोन खोल्या. पुढे टिकटिक, मागे कुडकुड. काका सकाळी आठला डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसले की जेवायलाच उठत, तेही दोनदा हाक मारल्यावर. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमचे हे खुडूक आहेत." खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी. तिला दाणे दाखवा, ओरडा, पंख धरून ओढा, ती जागची हलत नाही. काका हे ऐकून हसायचेसुद्धा नाहीत. त्यांचं लक्ष एखाद्या केसाएवढ्या स्क्रूकडे असायचं.

मग दोन वर्षांपूर्वी काकू आठ दिवस दवाखान्यात राहिल्या आणि नवव्या दिवशी गेल्या. दुकान काकांनी त्याच महिन्यात बंद केलं. हात थरथरत होते असं त्यांनी लोकांना सांगितलं. हात अजिबात थरथरत नव्हते. टेबलाशी बसल्यावर आतून जेवायची हाक येत नाही, एवढीच अडचण होती, आणि ती सांगणार कुणाला. मागच्या चार कोंबड्यांपैकी एक आजाराने गेली, दोन मुंगसाने नेल्या. उरली ठिपकी, आणि आता तीही गेली.

काकांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून तिला पुरलं. फावडं ठेवायला ते मोडक्या टबामागे वाकले तर पोत्यांच्या बेचक्यात अंडी. एक, दोन, पाच, सात. दहा-बारा दिवस ठिपकी अंडी देत नाही म्हणून काका तिला म्हातारी झालीस म्हणत होते, आणि ती इथे गुपचूप स्वतःचं घर भरत होती. बहुतेक दोन-चार दिवसांत खुडूक बसली असती.

काका उकिडवे बसून त्या अंड्यांकडे बघत राहिले. काकूंनी आणलेल्या तीन पिल्लांचं जे काही या जगात शिल्लक होतं ते आता या सात कवचांत होतं. यातून काही निघालं तर निघालं, नाही तर तीस वर्षांचा धागा इथेच, त्यांच्या हातात तुटणार होता. काकू असत्या तर त्यांनी कुणाच्या तरी खुडूक कोंबडीखाली ती सारून दिली असती. त्यांच्या ओळखी होत्या. काकांच्या ओळखी फक्त घड्याळांशी.

पण यंत्र म्हटलं की काकांना कुणाची गरज नव्हती. दोन दिवसांत त्यांनी अंडी उबवायचं यंत्र तयार केलं. औषधाच्या दुकानातून जाड थर्माकोलचा डबा आणला. झाकणाला चौकोनी भोक पाडून काच बसवली. आत चाळीसचा बल्ब, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने फेकायला काढलेला छोटा पंखा, जुन्या गिझरमधला थर्मोस्टॅट, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, आणि दोन थर्मामीटर. दोन कशाला, तर एक खोटं बोलला तर दुसरा चहाडी करेल म्हणून. रात्रभर यंत्र रिकामं चालवलं. शुक्रवारी सकाळी काटा साडेसदतीसवर थांबला आणि तिथून हलेना, तेव्हा काकांनी पेन्सिलीने अंड्यांवर एक ते सात आकडे घातले आणि आठच्या ठोक्याला ती आत ठेवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला. शेजारी लिहिलं, सकाळी ८.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून एक पिवळट माहितीपत्रक आणलं होतं. ते काकांनी घड्याळाच्या कंपनीचं पुस्तक वाचावं तसं दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य होतं: अंडी दिवसातून तीन वेळा फिरवावीत. नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो म्हणे. काकांनी वेळा ठरवल्या, सकाळी सहा, दुपारी एक, रात्री आठ. प्रत्येक अंड्यावर एक ठिपका काढला. बाराच्या जागेवरचा ठिपका तीनवर, पुढच्या वेळी तीनवरचा सहावर, मग नऊवर, मग परत बारावर. बोटाच्या चिमटीत अंडं धरायचं आणि पाव फेरा द्यायचा. सातही अंडी, तिन्ही वेळा, एका मिनिटाचा फरक नाही.

रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात, नवरा, दोन मुलं, नोकरी, सगळं सांभाळून दर रविवारी फोन करायची. फोन पाच मिनिटांचा. औषधं घेता का, जेवलात का, आणि शेवटी, आमच्याकडे राहायला कधी येताय. काकांचं उत्तर ठरलेलं होतं: कोंबडी कुणाकडे टाकू? या रविवारी त्यांनी कोंबडी गेल्याचं सांगितलं. लेक हळूच म्हणाली, "मग आता काय अडलंय, बाबा?"

"अंडी आहेत ना."

"फ्रीजमधली अंडी द्या कुणाला तरी."

"फ्रीजमधली नाहीत. उबवायला ठेवलीत."

"कोंबडी नाही म्हणता, मग उबवतंय कोण?"

"मी," काका म्हणाले.

लेक हसायला लागली. किती तरी महिन्यांनी ती अशी मोकळी हसली असेल. "बाबा, आई म्हणायची ते शेवटी खरं केलंत. अहो, खुडूक झालात तुम्ही!"

काकाही हसले. मग त्यांनी तिला थर्मोस्टॅट कसा बसवला ते सांगितलं, पंख्याचं सांगितलं, दोन थर्मामीटरचं सांगितलं. फोन तेवीस मिनिटं चालला. आणि सोमवारी संध्याकाळी, रविवार नसताना, परत फोन वाजला. "मुलं विचारतायत, फुटली का अंडी?" मंगळवारीही वाजला. मग तो रोज साडेआठच्या सुमारास वाजायला लागला. मुलं विचारतात ही थाप होती हे काकांना कळत होतं. पण थाप मारून का होईना, रोज कुणी तरी विचारतंय, हे त्यांना फार बरं वाटत होतं. सव्वाआठलाच ते फोन पुसून हाताशी ठेवायला लागले.

घरही जरा बदललं. काकू गेल्यापासून ते खायला उठायचं. संध्याकाळी दिवा लावला तरी खोल्या भरायच्या नाहीत. आता मधल्या खोलीत पंख्याची बारीक घरघर होती, काचेतून पिवळा उजेड होता. काका अंड्यांशी बोलायला लागले. "तीन नंबर, फार सरकतोस. पाच, तुझी जागा ही नाही." आपला आवाज दिवसातून इतक्यांदा ऐकायची त्यांना सवय राहिली नव्हती. पहिल्या दिवशी तो त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

सातव्या दिवशी त्यांनी खिडक्या लावून खोलीत अंधार केला, पुठ्ठ्याच्या नळीला बॅटरी लावली आणि एकेक अंडं उजेडासमोर धरलं. एक आणि चार रिकामी निघाली, नुसती पिवळी. पण बाकीच्या पाचांत लाल रेघांचं जाळं होतं, आणि जाळ्याच्या मध्ये एक काळा ठिपका. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. ठिपका हलत होता. बारीक, एका लयीत. काका अंडं धरून तसेच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांची बंद पडलेली यंत्रं चालू केली होती, पण आपल्या हाताने अशी एखादी गोष्ट सुरू होईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. डोळे भरून आले आणि भिंगावर वाफ धरली.

त्या आनंदाच्या भरात ते दहाव्या दिवशी पेंडवाल्या बाईंच्या दुकानात गेले. बाई जनावरांची पेंड आणि कोंबड्यांचे दाणे विकायच्या. दुकानामागे त्यांच्या स्वतःच्या वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. बाईंचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे पोचायचा आणि जीभ त्याहून पुढे. काकांनी पिल्लांचा बारीक भरडा मागितला.

"किती दिवसांची आहेत पिल्लं?"

"अजून अकरा दिवस आहेत व्हायला."

"म्हणजे अजून अंडीच आहेत!" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "बारशाआधीच शाळेत नाव घालताय की काय, काका?"

"सगळं वेळच्या वेळी तयार असावं."

"असावं, असावं. उष्णता किती ठेवलीय?"

"साडेसदतीस. दहा दिवसांत काटा हललेला नाही."

"बापरे. माझी खुडूकसुद्धा इतकं नेमकं बसत नाही. आणि फिरवता ना वेळेवर?"

"सहा, एक, आठ," काका म्हणाले आणि त्यांनी उजव्या हाताची चिमूट करून ती हवेत उजवीकडे फिरवली. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी पाव फेरा.

बाई त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काका, रोज याच बाजूला?"

"म्हणजे?"

"परत उलट नाही फिरवत?"

"उलट कशाला फिरवू?" काकांना प्रश्नच कळला नाही. उलट फिरवू नये हे तर त्यांनी चाळीस वर्षं लोकांना बजावलं होतं. ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले की आतला ठोक्यांचा हिशेब बिघडतो. दुकानात तशी पाटीच होती, काटे उलटे फिरवू नयेत, लाल अक्षरात.

"अहो, घड्याळ आहे का ते चावी द्यायला?" बाई म्हणाल्या, पण आता आवाज खाली आला होता. "एकदा इकडे, एकदा तिकडे करायचं असतं. अंड्यात बलक दोन्हीकडून दोरीसारख्या पांढऱ्या धाग्यांनी धरलेला असतो. एकाच बाजूला फिरवत गेलं की त्याला पीळ बसतो. पीळ बसत बसत आतल्या नाजूक शिरा तुटतात. कोंबडी काय करते? पायाने कशीही ढकलते, चोचीने कशीही उलथते. तिचं काही नेमकं नसतं, म्हणून तर पिल्लं जगतात."

त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. दहा दिवस, रोज तीन पाव फेरे, म्हणजे साडेसात फेऱ्यांचा पीळ. "मग मी आता तेवढेच उलटे फिरवतो," ते घाईघाईने म्हणाले. "साडेसात फेरे डावीकडे. पीळ उतरेल."

"चावी उतरवायची नाहीये, काका," बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. "जे तुटलं असेल ते तुटलं. जे राहिलं असेल ते आता नीट सांभाळा. माहितीपत्रकात लिहिलं नव्हतं का उलटसुलट करा म्हणून?"

"फिरवावीत असं लिहिलंय," काका म्हणाले. "नुसतं, फिरवावीत."

घरी आल्या आल्या त्यांनी खिडक्या लावल्या. दोन नंबरच्या अंड्यात जाळं विरून गेलं होतं आणि कडेने रक्ताचं एक कडं उरलं होतं. तीनमध्ये तेच. सहामध्ये काळा ठिपका होता, पण भिंग लावून पाच मिनिटं पाहिलं तरी हलला नाही. पाच आणि सात हलत होते. काका भिंतीला टेकून खाली बसले. यापैकी एकही चूक निष्काळजीपणाची नव्हती, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. विसरून गेले असते, आळस केला असता, सहाची वेळ कधी साडेसात केली असती, तरी चाललं असतं. त्यांनी काकूंची तीन पिल्लं नेमकेपणाने मारली होती, अगदी मिनिटाच्या काट्यावर.

आणि मग दुसराही विचार आला, जो त्यांना यायला नको होता. काकूंबरोबरची तीस-बत्तीस वर्षंही त्यांनी अशीच काढली होती. सकाळी आठ ते रात्री आठ, तोंड टेबलाकडे. एकदाही ते उलटे वळून मागच्या अंगणात जाऊन बसले नव्हते. काकू एकट्याच कोंबड्यांशी बोलायच्या. त्या काय बोलायच्या, ते काकांना माहीत नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी लेकीला त्यांनी सगळं सांगितलं. तिने "अहो, बाबा, तुम्हाला कसं माहीत असणार," असं चारदा म्हटलं. फोन ठेवल्यावर काकांनी पाच आणि सात नंबरची अंडी डावीकडे फिरवली. बोटं तयार होत नव्हती. डाव्या बाजूला चिमूट वळवताना त्यांना कुणाचं तरी चांगलं घड्याळ मोडत असल्यासारखं वाटत होतं. पुढचा आठवडा ते एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे करत राहिले. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद करायचं असतं. तेही त्यांनी केलं, मग नुसतं बघत बसले.

एकविसाव्या दिवशी, कॅलेंडरवर गोल केलेल्या शुक्रवारी, सकाळी आठ वाजता काहीच झालं नाही. नऊ वाजले, बारा वाजले. काकांनी जेवण केलं नाही. संध्याकाळी त्यांनी काचेला कान लावला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. साडेआठला लेकीचा फोन आला आणि काका फक्त "नाही" म्हणाले.

शनिवारी दुपारी ते खुर्चीत डुलकी घेत होते. आतून टक असा आवाज आला. मग पुन्हा टक. चाळीस वर्षं टकटक ऐकलेल्या कानांनी ओळखलं की हा आवाज कुठल्याच घड्याळाचा नाही. काका ताडकन उठले. पाच नंबरच्या कवचावर चांदणीसारखी तडकलेली खूण होती आणि आत काही तरी हलत होतं. सात नंबर गप्प होतं. ते शेवटपर्यंत गप्पच राहिलं.

बाईंनी बजावलं होतं, पिल्लू आतून चोच मारायला लागलं की झाकण उघडायचं नाही. ओलावा उडून जातो, आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यात अडकतं. कितीही जीव तुटला तरी उघडायचं नाही. सांगायला सोपं होतं. काकांच्या हातात आपोआप चिमटा आला होता. हजारो घड्याळांची पाठ त्यांनी अलगद उघडली होती, एक ओरखडा न उठवता. एवढंसं कवच काढणं म्हणजे काय मोठंसं. पिल्लू एक टोला मारायचं आणि अर्धा तास थांबायचं. प्रत्येक वेळी थांबलं की काकांना वाटायचं, झालं, संपलं. त्यांनी चिमटा खणात टाकला. पाच मिनिटांनी परत काढला. शेवटी तो शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे नेऊन दिला आणि सांगितलं, "उद्यापर्यंत ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस." इस्त्रीवाल्याने चिमट्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तो शर्टांच्या थप्पीखाली ठेवून दिला.

रविवारी सकाळी पावणेसातला पाच नंबरचं पिल्लू बाहेर आलं. ओलं, चिपाड, मान न धरणारं. दोन तासांत ते वाळलं आणि पिवळं, गुबगुबीत झालं. पाठीवर एक तपकिरी पट्टा होता. काकांनी ते तळहातावर घेतलं तेव्हा त्याचं पोट त्यांच्या बोटांवर धडधडत होतं. "आलीस?" ते म्हणाले. कोंबडी की कोंबडा हे इतक्यात कळत नाही, पण काका लेकच धरून चालले. उरलेली सहा अंडी त्यांनी ठिपकीशेजारी पुरली. फोडून आत बघितलं नाही. ज्याने आयुष्यात कुठलंही बंद पडलेलं यंत्र न उघडता सोडलं नाही, त्याचं हे पहिलंच.

लेकीने फोनवर पिल्लाचा आवाज ऐकला आणि तिकडे रडायला लागली. मुलंही खरंच फोनवर आली. त्या दिवशी काकांच्या घरात इतकी माणसं बोलली की काकांना रात्री झोप लागेना.

पण पिल्लू ओरडायचं. काका दिसेनासे झाले की ते जिवाच्या आकांताने ओरडायला लागायचं. आंघोळीला गेले तरी ओरडायचं. हातात घेतलं की गप्प, खाली ठेवलं की परत सुरू. पहिला दिवस काकांना ते गोड वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे सुख त्यांना फार दिवसांनी मिळत होतं, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून पाव घेऊन येताना त्यांना गल्लीच्या तोंडापासून तो आवाज ऐकू आला आणि ते तिथेच थांबले. ते ओरडणं त्यांना नको तितकं कळत होतं.

मग त्यांनी खोक्यात दाढीचा आरसा ठेवला. पिल्लाने आरशातल्या पिल्लाला पाहिलं, चोच मारून पाहिली, मागे जाऊन शोधलं. मग ते गप्प झालं. काकांचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने ते बघायला गेले तर पिल्लू आरशाला टेकून झोपलं होतं. गाल काचेवर, पंख काचेवर, जितकं चिकटता येईल तितकं चिकटून. काच थंडगार होती.

काका बराच वेळ ते बघत राहिले. त्यांना ते सहन झालं नाही. ठेवायचं म्हटलं असतं तर पिल्लू राहिलं असतं, जगलंही असतं. त्यांनीच दोन वर्षं जगून दाखवलं होतं. पण असं जगणं आपण जाणूनबुजून कुणाला देऊ नये, एवढं त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. काकूंची शेवटची लेक वाचली होती. ती आपल्या उशाला ठेवण्यासाठी वाचली नव्हती.

मंगळवारी तिन्हीसांजेला ते खोकं घेऊन पेंडवाल्या बाईंकडे गेले. बाईंच्या एका खुडूक कोंबडीखाली परवाच बारा पिल्लं निघाली होती. "अंधार पडताना सारलं की तिला मोजदाद कळत नाही," बाई म्हणाल्या. काकांनी पिल्लू हातात घेतलं. ते ओरडत होतं. बाईंनी कोंबडीचा पंख जरासा उचलला, काकांनी हात आत नेला, आतली ऊब त्यांच्या मनगटाला लागली आणि त्यांनी मूठ उघडली. पिल्लू एकदा ओरडलं, अर्धंच. मग एकदम गप्प झालं. काकांनी हात काढून घेतला.

"जेवणार का, काका? जे आहे ते," बाईंनी विचारलं. काका नको म्हणाले आणि खोकं तिथेच विसरून निघाले.

बुधवारी सकाळी ते परत गेले. कोंबडी अंगणात उकरत होती आणि पिल्लं तिच्या पायात धावत होती. बाईंनी बोट दाखवून मोजली, "तेरा. घेतलं तिने तुमचं." काका वाकून बघायला लागले. पिवळी, पाठीवर तपकिरी पट्टा. पण पट्टा सात-आठ जणींच्या पाठीवर होता. त्यांनी चष्मा पुसला. एक पिल्लू धावत आलं, त्यांच्या चपलेवरून गेलं आणि इतरांत मिसळलं. ते असेल, किंवा नसेल.

"पायाला दोरा बांधू का एकीच्या? म्हणजे ओळख राहील," बाई म्हणाल्या.

"कुठल्या एकीच्या?" काकांनी विचारलं. "राहू द्या. तिला काही नको बांधायला."

घरी येऊन त्यांनी यंत्राचा बल्ब बंद केला, पंखा बंद केला, पाण्याची वाटी धुऊन पालथी घातली. सव्वाआठला त्यांनी फोन पुसला. आता फोन रविवारचाच येणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, कारण आता मुलांनी विचारायचं तरी काय. साडेआठला फोन वाजला.

"बाबा, पिल्लू कसं आहे?"

"बरं आहे," काका म्हणाले. "आईजवळ आहे."

काकांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. त्यांना सांगायचं होतं की म्हणजे त्या पेंडवाल्या बाईंच्या कोंबडीजवळ, काल संध्याकाळी नेऊन सोडलं, तेरा झाली तिथे. पण त्यांनी फोन नुसता कानाशी घट्ट धरला. लेकीचा श्वास ऐकू येत होता. मागे तिची मुलं कशावरून तरी भांडत होती आणि ती त्यांना गप्प करत नव्हती.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "एकटे बसलाय ना?"

हा प्रश्न तिने दोन वर्षांत कितीदा विचारला असेल. काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, छे गं, एकटा कसला, आणि पुढे लगेच औषधांचं काही तरी.

"हो," काका म्हणाले.